पालक सहउपचारक झाले. शासनाच्या उत्तरदायित्वाचे काय?

स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलांच्या उपचारांविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते : तज्ज्ञ किती आहेत आणि केंद्रे किती आहेत. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्याआधी एक साधा हिशेब मांडायला हवा. चार वर्षांचे मूल दिवसाचे सुमारे बारा तास जागे असते, म्हणजे आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास. मोठ्या शहरातील सुस्थित कुटुंबाच्या मुलाला आठवड्यातून तीनदा पाऊण-पाऊण तासाचे उपचारसत्र मिळाले, तरी त्याची बेरीज सव्वादोन तास होते. उरलेले जवळजवळ ब्याऐंशी तास ते मूल घरात, अंगणात, बाजारात, नातेवाइकांत असते. त्या वेळात त्याच्याशी कोण कसे वागते, यावर सव्वादोन तासांतील कमाई टिकते किंवा विरून जाते. खेड्यातील मुलाच्या वाट्याला तर तेवढे तासही येत नाहीत.

या हिशेबामुळेच पालकांना वर्तनोपचाराचे प्रशिक्षण देण्याचा विचार जगभर रुजला, आणि महासाथीच्या काळापासून त्याला पोर्टल, ॲप आणि दूरस्थ समुपदेशन यांची जोड मिळाली. ही दिशा योग्य आहे. भारतासारख्या देशाला दुसरा मार्गही नाही. मात्र पालकांना उपचारात सहभागी करून घेणे आणि पालकांवर उपचार सोपवून मोकळे होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातील सीमारेषा धोरणात स्पष्ट नसेल, तर चांगल्या कल्पनेचे रूपांतर एका नव्या ओझ्यात होण्यास वेळ लागत नाही.

प्रथम प्रश्नाची व्याप्ती पाहू. पालवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या विकासाशी निगडित नऊ प्रकारच्या अवस्थांपैकी किमान एक अवस्था साधारणपणे आठांपैकी एका मुलात आढळली. दृष्टी आणि श्रवणाच्या अडचणी, अपस्मार, वाचा-भाषेतील दोष, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता हे सारे त्यात धरलेले होते. यांतील प्रत्येक मुलाला वर्तनोपचार लागेल असे नाही; पण लागणाऱ्यांची संख्या इतकी मोठी आहे की केवळ तज्ज्ञांच्या बळावर ती गरज भागवण्याची कल्पना पुढील काही दशके तरी कागदावरच राहील.

वर्तनोपचार म्हणजे मुलाला शिस्त लावणे, असा एक समज आढळतो. वस्तुतः त्याचे मूलसूत्र निरीक्षणाचे आहे. कोणत्याही वर्तनाच्या आधी काही घडलेले असते आणि नंतरही काही घडते. मूल त्या नंतरच्या घटनेतून शिकते. बोलता न येणारे मूल तहान लागली म्हणून किंचाळते आणि किंचाळताक्षणी पेला पुढे येतो, तेव्हा किंचाळणे हीच त्याची भाषा ठरते. प्रशिक्षित आई तोच पेला मुलाला दिसेल पण हाताला लागणार नाही अशा जागी ठेवते, क्षणभर थांबते, त्याच्या बोटाची, नजरेची किंवा चित्रकार्डाची वाट पाहते आणि खूण मिळताच पाणी देते. कृती दहा सेकंदांची आहे; परंतु दिवसातून वीस वेळा, रोज, न चिडता ती करणे हे कौशल्य आहे. ते व्याख्यान ऐकून येत नाही. कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते, आपण करताना त्याने पाहावे लागते आणि चुकते कुठे ते न दुखावता सांगावे लागते.

पालकांचे हे स्थान नेहमी असे नव्हते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले, त्यानंतरची दोन दशके पाश्चात्त्य मानसोपचारात दोषाचे बोट आईकडे वळलेले होते. आईच्या थंड स्वभावामुळे मूल स्वतःत मिटून जाते, ही मांडणी ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथातून लोकप्रिय केली. तिला आधीच, १९६४ मध्ये, आव्हान दिले होते ते बर्नार्ड रिमलँड यांनी. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. पुढे १९७३ मध्ये इव्हार लोव्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार घेतलेल्या मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. प्रशिक्षित पालकांकडे परतलेल्या मुलांची प्रगती टिकली. संस्थांत पाठवलेली मुले शिकलेले विसरत गेली. लोव्हास यांच्या तत्कालीन पद्धतींत शिक्षेचा जो वापर होता, तो आज कोणीही समर्थनीय मानणार नाही. पण पालक हे उपचाराच्या बाहेरचे प्रेक्षक नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष टिकून राहिला.

भारतात या विचाराची एक स्वतंत्र परंपरा आहे, आणि तिची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहू दिले आणि शुश्रूषेत सामील करून घेतले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्राने कुटुंबाने रुग्णासोबत राहणे ही उपचारपद्धतीच बनवली. ज्या काळात पश्चिमेत कुटुंबाकडे संशयाने पाहिले जात होते, त्या काळात आपल्याकडील काही डॉक्टरांनी त्याला उपचारकाच्या पंक्तीत बसवले. त्यामागे तत्त्वज्ञान होते, तशीच कर्मचाऱ्यांच्या तुटवड्याची निकडही होती. मात्र तेथे कुटुंबाबरोबर डॉक्टरही हजर होता. तंबू ठोकू देऊन तो निघून गेला नव्हता. पुढे १९९१ मध्ये एका स्वमग्न मुलाच्या आईने, मेरी बरुआ यांनी, दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी केली आणि पालक-बालक प्रशिक्षण हा तिच्या कामाचा कणा बनला. मुंबईत २००१ पासून ‘उम्मीद’सारख्या संस्थेनेही कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवूनच काम केले आहे.

पुराव्याच्या दृष्टीने आपल्याला सर्वांत जवळचा प्रयोग गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे एकाच वेळी झाला. ब्रिटनमध्ये विकसित झालेली पालकांच्या माध्यमातून उपचार करण्याची पद्धत दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी बदलून घेण्यात आली. ती राबवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले सामान्य कार्यकर्ते होते. गोव्यात ‘संगत’ ही संस्था त्यामागे होती. आई आणि मूल खेळत असताना छोटी चित्रफीत घ्यायची, मग दोघांनी मिळून ती पाहायची आणि आईने मुलाची खूण नेमकी ओळखली त्या क्षणी चित्रफीत थांबवायची, असे त्या सत्रांचे स्वरूप होते. ६५ मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांचा मुलाशी सूर अधिक जुळला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. संयुक्त अवधानाच्या एका निकषावर मात्र निकाल अपेक्षेच्या उलट आला. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. परंतु पदवीधर, स्थानिक, वेतन घेणारा आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालील कार्यकर्ता पालकांना हे शिकवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. अतिचंचलतेच्या बाबतीत तर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची मार्गदर्शक सूत्रे सहा वर्षांखालील मुलांसाठी औषधाच्या आधी पालक-प्रशिक्षणाचीच शिफारस करतात.

जागतिक आरोग्य संघटनेने दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी तयार केलेल्या अभ्यासक्रमात नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी आहेत. २०२२ मध्ये त्याची ऑनलाइन आवृत्तीही आली. या आकड्यांतील गृहभेटींकडे धोरणकर्त्यांनी लक्ष द्यावे. घरात जाऊन पाहिल्याशिवाय प्रशिक्षण पुरे होत नाही, ही त्यामागची जाण आहे.

आता आपल्या सरकारी यंत्रणेकडे वळू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फिरत्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा करावी, आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्याची रचना आहे. केंद्रात बालरोगतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक अपेक्षित आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यताप्राप्त अपंगत्वांची संख्या सातवरून एकवीसवर नेली आणि स्वमग्नतेला त्यात स्थान दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर झाली. चौकट उभी आहे, यात शंका नाही.

उणीव आहे ती चौकटीच्या पुढील टप्प्यात. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही ठाऊक असते की ज्याची मोजणी होते तेच काम होते. किती मुले तपासली आणि किती पुढे पाठवली, हे मोजणे सोपे आहे. पाठवलेल्या मुलाची आई जिल्ह्याच्या गावी पोहोचली का, तिला काय सांगितले गेले, सहा महिन्यांनी घरात काय बदलले, हे मोजायला वेळ आणि माणूस लागतो. परिणामी अनेक जिल्ह्यांत निदानाच्या दिवशी पालकांच्या हाती प्रमाणपत्राचा मार्ग पडतो, उपचाराचा पडत नाही. त्या पोकळीत मग खात्रीशीर बरे करण्याची जाहिरात करणारे शिरतात. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये स्पष्ट करावे लागले, ते याच बाजारामुळे. काय साध्य होऊ शकते आणि काय नाही, हे समजलेले पालक फसवणुकीला सहज बळी पडत नाहीत. प्रशिक्षणाचा हा लाभ कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, पण तो मोठा आहे.

या पार्श्वभूमीवर पोर्टलचे आकर्षण समजण्यासारखे आहे. एकदा तयार केले की सर्व जिल्ह्यांत पोहोचते आणि उद्घाटनाची तारीखही ठरवता येते. त्याचे खरे उपयोगही आहेत. सत्रात पाहिलेली कृती आई पुन्हा पाहू शकते. सत्राला न आलेल्या वडिलांना आणि आजीला दाखवू शकते. मुलाने दिवसात किती वेळा खूण केली याची नोंद ठेवता येते आणि उपचारतज्ज्ञ पुढील भेटीआधी ती वाचू शकतो. घरी घेतलेली पाच मिनिटांची चित्रफीत पाहून तज्ज्ञ दोनशे किलोमीटरवरून नेमका सल्ला देऊ शकतो. ओडिशाच्या डोंगराळ तालुक्यातील आईचा दिवसभराचा प्रवास आणि बुडणारी मजुरी यामुळे वाचते.

पण या साऱ्या उपयोगांत पोर्टलच्या पलीकडे कोणीतरी बसलेले आहे, हे विसरून चालणार नाही. ऑनलाइन पालक-प्रशिक्षणाचा ठिकठिकाणचा अनुभव असा, की मार्गदर्शकाचा नियमित फोन किंवा भेट असेल तर पालक अभ्यासक्रम पुरा करतात. केवळ चित्रफिती उपलब्ध करून दिल्या तर बरेच जण अर्ध्यावर थांबतात. त्यात त्यांचा आळस नसतो. मूल आज शिकवल्याप्रमाणे का वागले नाही, या प्रश्नाचे उत्तर चित्रफितीत नसते.

शिवाय पोर्टल कोणापर्यंत पोहोचते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के होते, पुरुषांचे ५७ टक्के. ग्रामीण स्त्रियांत ते सुमारे २५ टक्क्यांवर होते. स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. तेव्हापासून परिस्थिती बदलली असेल, पण दरी बुजली असे समजण्याचे कारण नाही. मुलाची काळजी जिच्यावर आहे तिच्या हाती फोन नाही, आणि ज्याच्या हाती फोन आहे तो दिवसभर घराबाहेर, कित्येकदा परराज्यात आहे, हे उत्तर भारतातील स्थलांतरित कुटुंबांचे नित्याचे वास्तव आहे. धोरणाच्या मसुद्यात ‘पालक’ हा शब्द स्त्री-पुरुष दोघांना कवेत घेतो. अंमलबजावणीत त्याचा अर्थ ‘आई’ असा होतो.

येथेच मुख्य धोका आहे. आईला दोषी ठरवणारा जुना सिद्धांत विज्ञानाने मोडीत काढला. तो मागील दाराने परत येऊ शकतो. प्रशिक्षण दिले, पोर्टल दिले, तरी मूल बोलत नाही, म्हणजे आईनेच सराव केला नसेल, असा निष्कर्ष कुटुंब काढते आणि कधी यंत्रणाही काढते. पहाटेपासून पाणी, सरपण, शेतमजुरी आणि इतर मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला आपण उपचारकाचे काम देतो, तेव्हा तिच्या दिवसातून दुसरे कोणते काम कमी करतो, हा प्रश्न कोणत्याही नियोजनपत्रात आढळत नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरवलेली नाही. २०१६ च्या कायद्यातील व्याख्येनुसार मोबदल्यासह किंवा मोबदल्याविना काळजी घेणारे पालक व कुटुंबीय हे ‘काळजीवाहक’ ठरतात. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. परंतु तेच कलम सरकारचे कर्तव्य ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ बसवते, आणि असे शब्द वित्त विभागाच्या टिपणीत किती उपयोगी पडतात हे सांगण्याची गरज नाही. सरकारी नोकरांचे तुलनेने बरे आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा आहे आणि दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाची मर्यादा नाही. दिव्यांग मुलाची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नियमित बदल्यांतून सूट देण्याचे आदेश २०१४ पासून आहेत. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा रजेचा संबंध स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाशी जोडला. पण असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य मातांना यातले काहीच लागू नाही. म्हणजे जिला आधाराची गरज सर्वांत अधिक, तिच्यासाठीच नियम नाही.

आणखी दोन गोष्टी नजरेआड होता कामा नयेत. पहिली उपचाराच्या हेतूची. आता प्रौढ झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी वर्तनोपचारावर गंभीर आक्षेप घेतले आहेत. मुलाला ‘इतरांसारखे दिसायला’ लावणे, निरुपद्रवी हातवारे दडपणे, आज्ञापालनालाच प्रगती मानणे, यांतून मुलांवर ताण येतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पालकांसाठीच्या कोणत्याही सरकारी अभ्यासक्रमात हा आवाज असला पाहिजे. मुलाला आपली गरज सांगता यावी, इजा टळावी, स्वतःचे काम स्वतः करता यावे, ही उद्दिष्टे योग्य. शेजाऱ्यांसमोर लाज वाटू नये, हे उद्दिष्ट नव्हे. दुसरी गोष्ट माहितीच्या सुरक्षिततेची. मुलाच्या वर्तनाच्या नोंदी आणि घरातील चित्रफिती ही अत्यंत खासगी सामग्री आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. पण उपचार हवा असेल तर ‘मान्य आहे’ वर बोट ठेवा, अशी संमती ही खरी संमती नसते. चित्रफीत न देणाऱ्या कुटुंबालाही सेवा मिळेल, ही हमी हवी.

मग करावे काय? त्यासाठी नव्या महाअभियानाची गरज नाही. असलेल्या चौकटीत पाच दुरुस्त्या पुरेशा आहेत. पहिली, निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना ठरावीक सत्रांचे प्रशिक्षण आणि किमान काही गृहभेटी ही जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची नोंदणीकृत, निधी असलेली सेवा ठरावी. दुसरी, प्रत्येक तालुक्याला एक प्रशिक्षित, वेतनधारी कार्यकर्ता असावा आणि त्याच्या कामावर तज्ज्ञाची नियमित देखरेख असावी. आधीच वाकलेल्या अंगणवाडी सेविकेच्या नोंदवह्यांत आणखी एकीची भर घालून हे साधणार नाही. तिसरी, पोर्टल सार्वजनिक, प्रादेशिक भाषांतील आणि साध्या फोनवरूनही वापरता येईल असे असावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा वीस भाषांत चालते; पालकांसाठी अशीच एक वाहिनी अशक्य नाही. चौथी, प्रशिक्षणाला येणाऱ्या पालकाला प्रवासखर्च आणि बुडीत मजुरी मिळावी. कुपोषित बालकांच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत बाळासोबत राहणाऱ्या आईला अशी भरपाई देण्याची पद्धत आहेच; तोच न्याय येथे लावायचा आहे. पाचवी, यशाचे माप बदलावे. किती पालकांनी नोंदणी केली याऐवजी किती मुले सहा महिन्यांनी एक नवे कौशल्य वापरतात आणि त्यांच्या आईवरील ताण वाढला की घटला, हे विचारले जावे.

या पाचांपैकी चौथी आणि पाचवी दुरुस्ती सर्वांत आधी वगळली जाईल, असा माझा अंदाज आहे. कारण एकीला पैसा लागतो आणि दुसरीला प्रामाणिकपणा. पण त्या दोन्ही वगळल्या तर उरते ते केवळ कामाचे हस्तांतरण. कुटुंब हे भारतीय समाजाचे बळ आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि मग जे काम राज्याने करायचे ते त्याच बळावर ढकलून देतो. पालकांना सहउपचारक म्हणायचे असेल, तर त्या शब्दातील ‘सह’ची जबाबदारी कोणाची, हे शासननिर्णयात पदनामासह आणि लेखाशीर्षासह लिहिलेले असावे. ते लिहिले जाईपर्यंत पोर्टलच्या उद्घाटनाला प्रगती म्हणण्याची घाई नको.